मित्रांसोबत आफ्रिकेत मासे आणि शिकार : आधी कोण काय करणार ते मोकळं बोला

पत्र : काका, मी मूळचा कोल्हापूरचा, सध्या जोहान्सबर्गजवळ मिडरँडला नोकरीला. डिप्लोमाचे पाच मित्र पुढच्या वर्षी इकडं येणारेत, आठ-नऊ दिवस. सगळ्यांचं एकच टुमणं, आफ्रिकेत येतोय तर मासे धरायचे आणि एक तरी शिकार करायची. एकाकडे शेती संरक्षणाचा बंदूक परवाना आहे, त्याला वाटतं आपल्याला सगळं येतं. एकाला सिंहच पाहिजे. एक माळकरी आहे, तो म्हणतो येतो पण मला त्यात धरू नका. एकाचं बजेट टाईट आहे पण तो तोंडातून काढणार नाही, मला माहितीये. माझ्या डोक्यात झिंबाब्वेतल्या करिबा लेकवरची हाऊसबोट आहे. ग्रुपवर कधीपासून नुसती चर्चा चाललीय. कुठं जायचं, कधी जायचं, परवानग्या काय लागतात आणि भांडणं न होता कसं जमवायचं, सांगा.

उत्तर :

भावा, तुझ्या पत्रात जागेचा प्रश्न वर लिहिलायस आणि माणसांचा खाली, मी उलटं घेतो. कारण सहा जणांत सिंहवाला एक, माळकरी एक, पैशाने अडलेला एक, बंदूकवाला एक, आणि तुम्ही सगळे मिळून "शिकारीला चाललोय" असं म्हणताय. असं नाहीये ना ते. तुम्ही सहा मित्र एकत्र राहायला चाललाय, त्यातल्या दोघातिघांना शिकार करायचीय, बहुतेकांना मासे धरायचेत, आणि एकाला फक्त तुमच्यासोबत बसायचंय. हे असंच्या असं ग्रुपवर लिही. मासे हा सगळ्यांचा कार्यक्रम, शिकार ही ज्याची त्याची, आणि शिकारीचा खर्चही ज्याचा त्याचा. एवढं एक वाक्य सगळ्यांनी मान्य केलं की पुढचं सगळं सोपं जातं, आणि मान्य होत नसेल तर तिकिटं काढायच्या आधी कळलेलं बरं.

शिकारीवाल्यांनी एक अट स्वतःला घालून घ्यावी असं मला मनापासून वाटतं : जे खाणार तेच मारायचं. मी शिकारीच्या विरोधात नाही. दक्षिण आफ्रिकेत कितीतरी शेतकऱ्यांनी गुरं काढून त्याच रानावर इम्पाला, कुडू, न्याला अशी हरणं आणि झेब्रे ठेवलेत, ते शिकारीच्या पैशावर चालतं, आणि तो पैसा थांबला तर त्या रानात परत गुरं नाहीतर ऊस येईल हे मला दिसतं. पण भिंतीवर मुंडकं लावायला मारणं आणि त्या रात्रीच्या पातेल्यासाठी मारणं यात मला फरक वाटतो, आणि तुमच्यासारख्या पहिल्यांदा जाणाऱ्यांनी दुसऱ्या बाजूने सुरुवात करावी.

आता सिंहवाला मित्र. त्याला सरळ सांग, नाही. एकतर पैसा त्याच्या कल्पनेच्या बाहेरचा आहे, आणि जो "परवडणारा सिंह" म्हणून नेटवर दिसतो तो बहुतेक वेळा पिंजऱ्यात वाढवलेला असतो, माणसाच्या हातून खाल्लेला, कुंपणाच्या आत सोडलेला. सरकारने नेमलेल्या समितीचा अहवाल २०२१ मध्ये आला आणि त्यानंतर खुद्द दक्षिण आफ्रिकेच्या सरकारनेच हा धंदा बंद करायचं धोरण जाहीर केलं. असल्या प्राण्यावर गोळी झाडण्यात शिकार कुठली. त्याला सिंह बघायचाय ना, तर ह्लुह्लुवे-इम्फोलोझी पार्कला ने, रानातला बघू दे. ते पार्क १८९५ सालचं आहे, आणि पांढरा गेंडा संपत आला होता तो याच भागातून वाचवला आणि १९६० च्या दशकात इथूनच बाकीच्या ठिकाणी पाठवला. तुमचा माळकरी मित्रही त्या दिवशी मनापासून सोबत असेल.

करिबाचं. करिबा भारीच आहे, त्यात वाद नाही. झांबेझीवर १९५९ ला धरण झालं, दोनशे किलोमीटरपेक्षा लांब पाणी, हाऊसबोटी, किनाऱ्यावर हत्ती, आणि टायगरफिश नावाच्या दातवाल्या शिकारी माशाचा १६.१ किलोचा वर्ल्ड रेकॉर्ड २००१ साली तिथलाच. पण तुमच्याकडे आठ-नऊ दिवस आहेत. जोबर्गहून रस्त्याने गेलास तर बाईटब्रिजची बॉर्डर, मग हरारे, मग अजून साडेतीनशे किलोमीटरच्या वर, म्हणजे जाऊन येऊन चार दिवस गाडीतच. विमानाने गेलास तर खर्च वाढतो आणि तुझा टाईट बजेटवाला तिथंच गप्प होतो. वर झिंबाब्वेचा वेगळा व्हिसा, आणि परत दक्षिण आफ्रिकेत शिरायला मल्टिपल एन्ट्री लागणार, ती पाचही जणांना मिळाली पाहिजे. एकाचं अडकलं की सगळ्यांचं अडकलं. करिबा पुढच्या वेळेला ठेव, दोन आठवडे हातात असताना.

मी सांगतो झुलूलँडला जा. क्वाझुलू-नाताळचा वरचा कोपरा, पोंगोला-जोझिनी-म्कुझे हा पट्टा. मिडरँडहून एर्मेलो, पीट रेटिफ करत एन-टू हायवे धरायचा, पोंगोला गाव साडेचारशे किलोमीटरच्या आसपास, दिवसाउजेडी आरामात पोचता. दिवसाउजेडीच जायचं पण, त्या रस्त्याला लाकडाचे ट्रक असतात, खड्डे असतात, आणि अंधार पडला की गुरं-शेळ्या रस्त्यावर. एकच देश, एकच व्हिसा, आणि मासे, शिकार, पार्क तिन्ही दीड-दोन तासांच्या आत. एवढं सगळं एका ठिकाणी मला तरी दुसरीकडं माहीत नाही.

जोझिनीचं धरण म्हणजे पोंगोलापूर्ट, १९७० च्या दशकात झालेलं, लेबोम्बो डोंगराच्या पायथ्याला, पाण्याचा वरचा भाग पार शेजारच्या एस्वातिनी देशात शिरतो. टायगरफिश दक्षिणेकडे जिथपर्यंत मिळतो त्याची ही जवळजवळ शेवटची हद्द, त्यामुळे करिबाइतके मोठे नाही मिळत, पण दोन-तीन किलोचा जरी लागला तरी हात भरून येतो. हाऊसबोटही मिळते इथं. पश्चिमेच्या काठाला पोंगोला गेम रिझर्व्ह, ते १८९४ ला तेव्हाच्या ट्रान्सवालचा अध्यक्ष पॉल क्रुगरने जाहीर केलं होतं, आफ्रिकेतल्या अगदी पहिल्या राखीव रानांपैकी. संध्याकाळी बोटीतून हत्ती पाण्याला आलेले दिसतात, पाणघोडे तर असतातच.

टायगरफिश म्हणजे काय चीज आहे ते मित्रांना आधी सांगून ठेव, कारण रंकाळ्यावर नाहीतर राधानगरीला गळ टाकलेल्यांना वाटतं मासा तो मासा. याचे दात तोंड बंद असतानाही बाहेर दिसतात, एकमेकांत अडकणारे. साधी लाईन क्षणात कापतो म्हणून गळाच्या वर स्टीलची वायर ट्रेस लागतेच. तोंड आतून सगळं हाडाचं, गळ रुतत नाही, त्यामुळे दहा झटके आले तर दोन-तीनच बोटीपर्यंत येतात, हे सगळ्यांना आधी कळलेलं असलं की चिडचिड कमी होते. झटका आला की लाईन एकदम टाईट ठेवायची, आणि तो उडी मारतो तेव्हा रॉड खाली पाण्याकडे धरायचा, वर धरला की तो हवेत डोकं झटकून गळ फेकून देतो. लिंपोपोमधल्या श्रोडा डॅमवर हा मासा पाण्यातून उसळून उडत्या पाकोळ्या धरताना तिथल्या संशोधकांनी कॅमेऱ्यात पकडलाय, म्हणजे बघ ताकद.

आणि धरलेला टायगर सोडायचा. खायला तो तसाही काटेरी, आणि जोझिनीतले मासे आधीच जाळ्यांनी कमी झालेत. गाईडला आधीच सांग, तीन तोंडाचे गळ काढून एकेरी आणि काटा दाबलेले लाव. हात ओले करून धरायचा, गळ लांब चिमट्याने काढायचा, बोटं तोंडाच्या जवळ न्यायची नाहीत, एक फोटो, आणि पाण्यात धरून ठेवायचा, स्वतःहून जाईपर्यंत. फोटोसाठी सहा जणांच्या हातातून फिरवत बसलात तर तो सोडून काही उपयोग नाही, मरतोच. हे तुझ्या माळकरी मित्राला विचारून बघ, सोडायचे मासेही त्याला नको असतील तर नको, सक्तीने रॉड हातात देऊ नका. म्कुझे रिझर्व्हमध्ये पाणवठ्यावर लाकडी हाईड, म्हणजे लपून बघायच्या खोपी, आहेत, कुमासिंगा नावाचं एक फार सुंदर, तासन्तास बसलं की प्राणीच आपल्यासमोर येतात. त्याचा एक दिवस तिथला ठेव, आणि कुणीतरी एक जण त्याच्यासोबत जा, एकट्याला पाठवू नका.

जेवणासाठी मासे पाहिजेतच म्हणत असाल तर तिलापिया मिळतो त्याच पाण्यात, तो ठेवा, तळून फार छान लागतो. किती ठेवता येतात, लायसन्स काय, ते लॉजवाल्याला विचारायचं. गोड्या पाण्यातल्या माशांचं लायसन्स त्या प्रांतात इझेमवेलोकडून, म्हणजे तिथल्या वन्यजीव खात्याकडून, निघतं, लॉजवाले बहुतेक काढून देतात, पण आपण विचारून कागद हातात घ्यायचा.

पाण्यात उतरायचं नाही. कितीही गरम झालं तरी. मगरी आहेत, भरपूर आहेत, बोटीतून हातसुद्धा पाण्यात सोडून बसायचं नाही. हे सहाही जणांना वेगवेगळं सांग, ग्रुपवर टाकलेलं कुणी वाचत नाही.

कधी जायचं. इथं खरी ओढाताण आहे. शिकारीचा मुख्य सीझन थंडीचा, मे ते ऑगस्ट, कारण गवत वाळतं आणि रान उघडं पडतं. टायगरफिशला मात्र गरम पाणी लागतं, जून-जुलैत पाणी थंड झालं की तो सुस्त पडतो, परत सप्टेंबर-ऑक्टोबरला जोरात येतो. तुम्ही म्हणाल मग सप्टेंबर, पण तेव्हा गणपती, लगेच पितृपक्ष, आणि ऑगस्टमध्ये श्रावण, कोल्हापूरची पोरं त्यात निघतात का, आणि निघाली तरी निम्मी पाळणारी. आखाडात आलात तर तोंडाला चव येईल पण मासा हलणार नाही. म्हणून मी म्हणतो मे महिन्याचा पहिला पंधरवडा. पाणी अजून थोडं कोमट असतं, शिकारीचा सीझन उघडलेला असतो, भारतात पोरांच्या शाळांना सुट्टी असते म्हणून घरच्यांची मनधरणीही सोपी. आणि मे म्हणजे इम्पालाच्या माजाचा काळ, नर दिवसभर गुरगुरत एकमेकांच्या मागं पळत असतात, एरवीइतके सावध नसतात, नवख्याला जवळ जाता येतं. गवत जरा उंच असेल, तेवढं सोसायचं.

आता बंदुकीचं नीट ऐक. बाहेरच्या देशातून आलेल्या माणसाला तिथं लायसन्सवाल्या आउटफिटरकडूनच, म्हणजे शिकारीची सगळी व्यवस्था करणाऱ्याकडूनच, शिकार करता येते आणि सोबत लायसन्स असलेला प्रोफेशनल हंटर, म्हणजे सगळे ज्याला पीएच म्हणतात तो, असावाच लागतो, आणि त्याचा परवाना त्या प्रांताचा पाहिजे. तू तिथं राहतोस, ऑफिसमधल्या कुणाचं तरी फार्म आहे, चला रविवारी जाऊन येऊ, असलं काही करू नकोस. मित्र परदेशी नागरिक आहेत, पकडले गेले तर सुटका सोपी नाही आणि तुझा वर्क परमिट पण गोत्यात येईल. आउटफिटरला फोनवर सरळ विचार, तुझा आणि पीएचचा परवाना क्रमांक दे, कुठल्या प्रांताचा. चांगला माणूस लगेच देतो. जो टाळाटाळ करेल त्याला सोड.

एक पीएच साधारण दोघांपेक्षा जास्त शिकारी घेत नाही. म्हणजे तिघं झाले की दोन पीएच, खर्च एकदम उडी मारतो. म्हणून दोघंच बंदूक घेऊ देत. बाकीच्यांपैकी ज्याला चालायचंय तो मागून चालेल, त्याला ऑब्झर्व्हर म्हणतात, त्याची फी कमी असते. आणि एकावेळी एकच मागे, पाच जणांची वरात घेऊन इम्पालाच्या जवळ कुणी पोचत नाही.

शेती संरक्षणाचा परवाना असलेल्या मित्राला प्रेमाने समजाव. त्याच्याकडची बारा बोअर असेल, रानडुकरं हाकलायला हवेत बार काढला असेल, स्कोप लावलेली रायफल हे वेगळंच प्रकरण आहे. डोळा स्कोपला चिकटवला तर धक्क्याने भुवई फाटते, हे दरवर्षी कुणा ना कुणाचं होतं. आणि स्वतःची बंदूक भारतातून न्यायचा विचारसुद्धा नको. भारतातून बाहेर काढायचे कागद, एअरलाईनची परवानगी, तिथं पोलिसांचा एसएपीएस ५२० फॉर्म, आणि परत येताना पुन्हा सगळं उलट. आउटफिटरकडे भाड्याने मिळते, पॉईंट ३०८ नाहीतर ३०-०६, तुम्हाला ज्या प्राण्यांच्या मागं जायचंय त्यांना तेवढी पुष्कळ होते.

दोघांनीही आल्यावर आधी रेंजवर जायचं. जोबर्गच्या आसपास रेंज आहेत, तिथल्या इन्स्ट्रक्टरच्या हाताखाली. बसून नाही, शूटिंग स्टिक्सवर, तीन काठ्यांचा तो आधार असतो त्यावर उभं राहून, कारण रानात तसंच मारायचं असतं. शंभर मीटरवर ताटलीएवढ्या गोलात गोळ्या सारख्या बसायला लागल्या तरच पुढं. नाही बसत, तर त्याने कॅमेरा घ्यावा, आणि हे आधीच ठरलेलं असावं म्हणजे तिथं मानापमान होत नाही. आफ्रिकेतल्या हरणांचं काळीज छातीत आपण समजतो त्यापेक्षा खाली आणि पुढं असतं, पुढच्या पायाची रेघ धरून वर यायचं, शरीराच्या खालच्या तिसऱ्या भागात. पीएच चित्र दाखवेल, ते नीट बघा. तो म्हणाला मारू नको, तर मारायचं नाही. तो म्हणाला परत मार, तर लगेच परत.

जखमी जनावर पळून गेलं तर दिवस मावळेपर्यंत शोधायचं, बाकीचा कार्यक्रम सोडून. ट्रॅकर लोक रक्ताच्या थेंबावरून, वाकलेल्या गवताच्या पात्यावरून जातात, त्यांच्यामागं शांतपणे चालायचं. आणि रक्त पडलं की पैसे द्यायचे, जनावर सापडो न सापडो, हा सगळीकडचा नियम आहे, त्यावर हुज्जत घालू नका.

कुठला प्राणी? इम्पाला. पहिल्या वेळेला इम्पालाच, फार तर वॉर्टहॉग, म्हणजे तिथलं सुळेवालं रानडुक्कर. झुलूलँडचा न्याला दिसायला इतका देखणा आहे की सगळ्यांना मोह होतो पण त्याची फी इम्पालाच्या कितीतरी पट, आणि तो बघण्यातच जास्त आनंद आहे. आउटफिटरला सांग, आम्हाला ट्रॉफी नको, बिल्टाँग (तिथलं वाळवलेलं मांस) हंटसारखं पाहिजे, माद्या किंवा लहान शिंगांचे जे कमी करायचेच आहेत ते. तिथले लोक स्वतः घरच्या मटणासाठी तशीच शिकार करतात. स्वस्त पडतं आणि मन पण खात नाही. फार्म किती हेक्टरचं आहे तेही विचार. कुंपण सगळीकडेच असतं पण हजारो हेक्टर आणि दोनशे हेक्टर यात जमीन-अस्मानाचा फरक.

दारू. बंदुका कुलुपात गेल्याशिवाय एकही बिअर उघडायची नाही. बोटीवर सुद्धा रॉड आवरून झाल्यावरच. तुमच्यात हे सांगणारा एक कडक माणूस लागेल, तो माळकरी असेल तर उत्तम, त्याचा शब्द कुणी मोडणार नाही.

पैशाचं असं कर. दोन वेगळे हिशोब. एक सामायिक : गाडी, डिझेल, लॉज, बोट, जेवण, पार्कची तिकिटं, हे सहा जणांत सारखं. दुसरा शिकारीचा : पीएचची रोजची फी, जनावराची फी, रायफल भाडं, काडतुसं, हे त्या दोघांचं, कुणीही "अरे सगळ्यांनी मिळून करू" म्हणायचं नाही. असं म्हटलं की तुझा तो न बोलणारा मित्र हो म्हणून जातो आणि वर्षभर मनात ठेवतो. त्याला तू एकट्याला फोन कर, ग्रुपवर नको, सामायिक आकडा सांग आणि विचार की जमतंय का. जमत नसेल तर एक रात्र कमी करा, हाऊसबोटीऐवजी काठावरच्या चॅलेटमध्ये राहून रोजची बोट घ्या, मासे तेच. कोटेशन आलं की बघ व्हॅट धरलाय का, तिथं १५ टक्के आहे आणि बरेच जण खाली बारीक अक्षरात लिहितात. टिपा पण आधीच बाजूला काढा, पीएच, ट्रॅकर, कातडं सोलणारे, स्वयंपाकघरातले, बोटवाला. ट्रॅकरला विसरतात लोक, आणि खरं काम त्याचंच असतं.

ॲडव्हान्सचं एक. मोठी रक्कम व्हिसा हातात आल्यावरच भरा, आधी फक्त तारीख धरून ठेवण्यापुरतं, आणि व्हिसा नाकारला तर काय, हे ईमेलवर लिहून घ्या. फोनवरचं पुरत नाही.

तब्येतीचं. तो भाग मलेरियाचा आहे, मे महिना सीझनच्या शेवटाला येतो, तेव्हा निघायच्या आधी डॉक्टरला भेटून गोळ्यांचं विचारायचं, सगळ्यांनी. गवतातून चालणाऱ्यांनी लांब पँट मोज्यात खोचायची, रात्री अंग तपासायचं, गोचीड चावली की काही दिवसांनी ताप येतो आणि चावलेल्या जागी काळा डाग पडतो. भारतात परतल्यावर असं झालं तर डॉक्टरला आफ्रिकेतून आलोय हे पहिल्या वाक्यात सांगायचं. स्वस्त तिकीट म्हणून आदिस अबाबा किंवा नैरोबीवरून येत असाल आणि तिथं जास्त वेळ थांबणार असाल तर यलो फिव्हरच्या कार्डाचं आधी बघा, बारा तासांच्या वर थांबलात तर दक्षिण आफ्रिका ते मागते, आणि परतीला आपल्याकडचे विमानतळवालेही विचारतात. लस दहा दिवस आधी घ्यावी लागते, सरकारमान्य सेंटरवरच मिळते, एकदा घेतली की जन्मभर चालते. ट्रॅव्हल इन्शुरन्स काढताना शिकार चालते का ते विचारा, बऱ्याच पॉलिसीत वगळलेली असते, आणि रानातून हेलिकॉप्टरने उचलायची वेळ आली तर ते बिल कुणाच्याच खिशातलं नाही.

परत येताना शिंग, कातडं, दात, बिल्टाँग, काहीही बॅगेत नको. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे, कस्टमला वन्यप्राण्यांच्या वस्तू दिसल्या की विमानतळावरच अडकता, आणि "तिकडं लीगल आहे" हे तिथं ऐकून घ्यायला कुणी बसलेलं नसतं. फोटोचंही तेच. मेलेल्या जनावरावर पाय ठेवून, दात काढून काढलेला फोटो स्टेटसला टाकू नका. फोटो काढायचाच असेल तर रक्त पुसा, जनावर नीट बसवा, मागं बसा, आणि तो स्वतःजवळ ठेवा. ज्याच्या जिवावर जेवणार त्याचा एवढा मान राखलाच पाहिजे, मला याबाबतीत तडजोड आवडत नाही.

मटणाचं आधी ठरवून घ्या. मांस बहुधा फार्मचंच असतं, तुम्हाला लागेल तेवढं देतात, बाकी तिथल्या कामगारांच्या घरी आणि विक्रीला जातं. सोलायच्या शेडमध्ये जाऊन उभे राहा, ज्याने गोळी मारली त्याने तरी राहायलाच पाहिजे. वजडी तिथले ट्रॅकर लोक आवडीनं नेतात, ती मागू नका, त्यांचा हक्क असल्यासारखा आहे. तुम्ही मान आणि नळ्या मागा, सगळे गोरे लोक पाठीचा मऊ भाग नेतात आणि रश्श्याला जे पाहिजे ते मागं राहतं. इम्पालाच्या मटणाला चरबी नसतेच, निखाऱ्यावर जास्त ठेवलं की वातड होतं, म्हणून पाठीचं असेल तर झटकन आणि नळ्या-मान असेल तर तिथलं ते तीन पायांचं लोखंडी पातेलं, पॉइकी म्हणतात, त्यात तीन तास मंद आचेवर. तेल जरा सढळ घाला. कांदा-लसूण मसाला मित्रांना आणायला सांग, पण घरचा सुटा पिशवीत बांधलेला नको, कंपनीचं सीलबंद पाकीट, नाहीतर कस्टमला उघडून बसावं लागतं. माळकऱ्यासाठी वेगळं पातेलं आणि वेगळा चमचा गाडीत आधीच ठेव, लॉजवर गेल्यावर शोधायचं नाही, आणि त्याचं जेवण आधी वाढायचं.

क्रम असा ठेव : आले त्या दिवशी आराम, दुसऱ्या दिवशी रेंज, मग पोंगोला. आधी तीन रात्री पाण्यावर, सगळे एकत्र असतील तोवर गप्पा जमतात, मग फार्मवर दोन-तीन रात्री, त्यातच एक दिवस पार्क, मग परत. रॉड, रीळ काही आणायला सांगू नकोस, तिथं बोटीबरोबर मिळतं आणि त्या माशाला लागतं तसं असतं. आणायचं असेल तर पहाटेच्या उघड्या बक्कीसाठी (पिकअप गाडीसाठी) जाड जर्किन, चांगली दुर्बीण, आणि मळखाऊ हिरव्या-खाकी रंगाचे जुने कपडे. वायर ट्रेस आणि चिमटा तू जोबर्गला घेऊन ठेव. आणि त्या टाईट बजेटवाल्याला फोन या रविवारीच कर, व्हिसाचे फॉर्म भरायला बसण्याच्या आधी.